कौलं चिनी, किल्ली कोणाची?

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या चायनाटाउनमध्ये एक तळं आहे. तळं एकच, पण काठ दोन आणि नियमही दोन. एका काठाला सार्वजनिक उद्यान. तिथे कुणीही यावं, बाकावर बसावं, डबा उघडावा. दुसऱ्या काठाला तिकीट काढून आत जायची बाग. मध्ये पांढरी भिंत आहे, पाणी मात्र दोन्हीकडचं तेच.

ही चिनी क्रांतीचे नेते डॉ. सन यत्-सेन यांच्या नावाची बाग १९८६ साली, जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर खुली झाली. त्यासाठी चीनमधल्या सुझोऊ शहरातून पन्नासहून अधिक कारागीर आले होते. खिळे नाहीत, स्क्रू नाहीत, विजेवर चालणारी हत्यारं नाहीत. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवत त्यांनी मंडप उभे केले. ताई सरोवरातले भोकाभोकांचे दगड आणले, कौलं आणली, पायाखालच्या फरशीसाठी गोटेसुद्धा आणले. चिनी उद्यानकलेत उसन्या देखाव्याची एक युक्ती आहे. बागेबाहेरचा डोंगर किंवा मनोरा खिडकीच्या चौकटीत असा पकडायचा की तो आपल्याच बागेतला वाटावा. व्हँकुव्हरच्या बागेत आज मान वर केली की उसन्या देखाव्यात काचेचे टॉवर येतात. ते टॉवर ज्या गल्ल्यांवर चढत चाललेत तिथे चिनी म्हाताऱ्यांची वाणसामानाची दुकानं होती, अजूनही थोडी आहेत.

जगभरच्या शहरांनी गेल्या चाळीसेक वर्षांत अशा बागा, कमानी, मंडप बांधले. त्यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. पहिलं मत कौतुकाचं: बघा, किती अस्सल, सगळं थेट चीनमधून आणलं! दुसरं मत नाक मुरडणारं: हे सगळं पर्यटकांसाठी, आणि शेजारचं ते चिनी हॉटेल तर त्याहून खोटं, असलं जेवण चीनमध्ये कुणी खात नाही. वरवर ही मतं उलटी वाटतात, पण दोन्ही एकाच काट्यावर तोलतात, तो काटा अस्सलपणाचा. मला तो काटाच चुकीचा वाटतो. परदेशातल्या चिनी बागेसमोर किंवा हॉटेलासमोर उभं राहून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हे कोणी मागितलं होतं, आणि आज याची किल्ली कोणाकडे आहे?

अस्सलपणाच्या काट्यावर सर्वांत आधी नापास होईल ते सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत ते पुरतं जळून गेलं. शहरातल्या पुढाऱ्यांना आयतीच संधी मिळाली. मोक्याच्या जागेवरची ही वस्ती उचलून लांब हंटर्स पॉइंटला नेऊन टाकायचा बेत शिजू लागला. चिनी व्यापाऱ्यांपैकी लुक टिन इलाय नावाचा एक गृहस्थ पुढे आला. हा कॅलिफोर्नियातच जन्मलेला. मुलगा असताना चीनहून परतताना त्याला बंदरावर अडवलं होतं, आणि १८८४ साली कोर्टात जाऊन त्याने जन्माने मिळालेलं नागरिकत्व मान्य करून घेतलं होतं. म्हणजे दारात अडवलं जाणं काय असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने व्यापाऱ्यांना जमवलं, गोरे वास्तुतज्ज्ञ नेमले आणि त्यांच्याकडून विटांच्या साध्या इमारतींवर पॅगोडे चढवून घेतले. कोपरे वर वळलेले, रंग लाल-हिरवे-पिवळे, रात्री दिव्यांची आरास. चीनमध्ये असलं काही कुठे नव्हतं. गोऱ्या माणसाच्या मनात चीन जसा दिसत होता तसा तो बांधला होता, मुद्दाम. पर्यटक आले, पैसा आला, शहराला ही वस्ती हवीशी वाटू लागली आणि हलवायचा बेत बारगळला.

आता याला खोटं म्हणायचं का? खुशाल म्हणा. पण ती कौलं म्हणजे ढाल होती, आणि ढाल धरणारा हात वस्तीतलाच होता.

हॉटेलांचीही गोष्ट तीच. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं, ते १९४३ पर्यंत. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती. हॉटेलवाला व्यापारी की मजूर, हा वाद कोर्टात गेला आणि १९१५ साली निकाल लागला की मोठ्या, बऱ्या दर्जाच्या हॉटेलचा मालक व्यापारी धरता येईल. झालं! नातलगांनी, गाववाल्यांनी भिशीसारखे पैसे एकत्र केले आणि हॉटेलं काढली. ठरावीक काळ एकाने व्यवस्थापक व्हायचं, कागद करून घ्यायचे, मग दुसऱ्याने. अमेरिकेत गल्लोगल्ली चिनी हॉटेलं का, याचं उत्तर चवीत शोधणाऱ्यांनी आधी कायद्याचं पुस्तक उघडावं. चॉप सुई हा पदार्थ अमेरिकेत मिळतो तसा चीनमध्ये मिळत नाही हे खरं, पण त्या ताटलीच्या जोरावर कितीतरी माणसं देशात शिरली आणि टिकली. सुझोऊच्या बागेच्या हुबेहूब प्रतिकृतीपेक्षा मला ती ताटली अधिक खरी वाटते.

कॅनडात तर वाढप्यावरूनही खटला झाला. सस्कॅचवान प्रांताने १९१२ साली कायदा केला की चिनी माणसाच्या हॉटेलात गोऱ्या बायकांनी नोकरी करायची नाही. मूस जॉ गावातल्या क्वाँग विंग या हॉटेलवाल्याला दोन गोऱ्या बायकांना कामावर ठेवलं म्हणून दंड झाला. तो रीतसर नागरिकत्व मिळवलेला माणूस, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१४ साली तिथेही हरला. याच देशाचा रेल्वेमार्ग पॅसिफिकच्या बाजूने डोंगर फोडत बांधला तो पंधरा हजारांहून अधिक चिनी मजुरांनी. त्यात शेकडो मेले. रूळ जोडले गेले १८८५ साली, आणि त्याच साली कॅनडाने चिनी माणसावर डोईपट्टी बसवली. आधी ५० डॉलर, मग १००, १९०३ पासून ५००. १९२३ साली तर दारच बंद झालं, ते उघडलं १९४७ साली. सरकारने माफी मागितली ती २००६ साली. व्हँकुव्हरची ती सुंदर बाग माफीच्या वीस वर्षं आधीची आहे. मंडप आधी, माफी नंतर. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

तरीही त्या बागेला मी नुसतं शोभेचं बाहुलं म्हणणार नाही, कारण ती जिथे उभी आहे ती जागा. बागेचा पत्ता कॅरल स्ट्रीटवरचा. १९६७ साली याच रस्त्याच्या रेषेत, चायनाटाउनच्या पोटातून, शहराला द्रुतगती महामार्ग न्यायचा होता. शेजारच्या स्ट्रॅथकोना वस्तीतली घरं ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली आधीच पाडली जात होती. (आपल्याकडचा ‘पुनर्विकास’ हा शब्द आठवला असेल तर योग्यच आठवला.) तेव्हा चिनी घरमालक आणि भाडेकरू एकत्र आले, १९६८ साली संघटना केली, इंग्रजी येणाऱ्या पोरांनी म्हाताऱ्यांसाठी दुभाषाचं काम केलं आणि महामार्ग अडला. पुरता अडला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या उड्डाणपुलांनी शेजारची कृष्णवर्णीयांची होगन्स अ‍ॅली ही वस्ती गिळलीच. तिच्यासाठी कुणी बाग बांधली नाही. पण चायनाटाउन वाचलं, आणि जिथून मोटारी धावायच्या होत्या तिथे पुढे तळं आलं.

नावाचीही गंमत आहे. सन यत्-सेन क्रांतीसाठी पैसा गोळा करत हिंडत असताना व्हँकुव्हरला आले होते, हे एक कारण. दुसरं असं की बीजिंग आणि तैपेई, म्हणजे चीन आणि तैवान, या दोघांनाही चालणारं नाव हे एवढंच. परदेशातल्या चिनी वस्त्यांत या दोन बाजूंची भांडणं काही थोडीथोडकी नव्हती. संस्था कोणाच्या ताब्यात राहणार यावरून निवडणुका, खटले, सगळं झालं. त्यामुळे ‘वस्तीच्या हाती किल्ली द्या’ असं म्हणताना मी वस्ती म्हणजे एकमुखी कुटुंब आहे असं समजत नाही. वस्तीतही विश्वस्त असतात, देणगीदार असतात, आणि त्यांच्या पाटीवर भाडेकरू म्हातारीचं नाव नसतं. आपल्या परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

एक अवांतर. २०१८ साली या बागेच्या तळ्यात कुठूनसं एक पाणमांजर शिरलं आणि वर्षानुवर्षं जपलेले कोई मासे एकामागून एक मटकावू लागलं. शहरात लगेच दोन पक्ष पडले, माशांचा आणि पाणमांजराचा. उरलेले मासे मत्स्यालयात हलवले, पाणमांजर सापळ्यातलं आमिष खाऊन पसार झालं. मासे गेल्याचं शहराला इतकं वाईट वाटलं! आजूबाजूला दुकानं बंद होत होती, त्याचीही बातमी व्हायची, पण तिच्यावरून पक्ष पडल्याचं कधी ऐकलं नाही.

पक्ष पडले एकदा, हे नमूद करायला हवं. बागेपासून हाकेच्या अंतरावर, चिनी रेल्वे मजूर आणि सैनिक यांच्या स्मारकाला लागून एक रिकामा भूखंड होता. तिथे महागड्या सदनिका बांधायच्या प्रस्तावाविरुद्ध तरुण आणि म्हातारे एकत्र आले, सुनावण्यांना रांगा लावून बोलले. २०१७ साली शहराने प्रस्ताव फेटाळला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२३ साली इमारतीला परवानगी मिळाली. ज्या शहराने बागेसाठी जमीन दिली, त्याच शहराला त्या भूखंडावर म्हाताऱ्यांची परवडणारी घरं उभी करता आली नाहीत.

अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये हा विरोधाभास आणखी ढळढळीत दिसतो. सुझोऊशी १९८८ साली भगिनी-शहराचं नातं जुळलं, आणि २००० साली जुन्या चायनाटाउनमध्ये एका अख्ख्या चौकाएवढी लान सू बाग खुली झाली. बाग अप्रतिम आहे, चहाघरही छान आहे. पण बाग आली तेव्हा माणसं निघून चालली होती. चिनी कुटुंबं आणि हॉटेलं शहराच्या पूर्वेला, ८२ व्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला सरकली. तिथे भाडं परवडत होतं, गाडी लावायला जागा होती. १९२८ पासूनचं ‘हंग फार लो’ हे हॉटेलही २००५ साली तिकडेच गेलं. त्याची जुनी भलीमोठी पाटी मात्र लोकांनी वर्गणी काढून दुरुस्त केली आणि पुन्हा जुन्या जागी टांगली. खाली हॉटेल नाही, वर पाटी आहे. लोअर परळला गिरणी गेली आणि मॉलच्या अंगणात चिमणी राहिली, तसंच हे. ८२ व्या अ‍ॅव्हेन्यूवर मंडप नाही, चंद्राच्या आकाराचं दार नाही. मोटारींच्या गॅरेजशेजारी डिम सम मिळतं, आणि पोर्टलँडच्या चिनी माणसांना भेटायचं तर तिथेच जावं लागतं.

वॉशिंग्टनने तर कमालच केली. १९८६ साली बीजिंगच्या भागीदारीत झगझगीत मैत्री-कमान उभारली. दहाएक वर्षांत शेजारी मोठं क्रीडागृह आलं, भाडी चढली. आज त्या चायनाटाउनमध्ये चिनी रहिवासी काही शेच उरलेत. नियम असा की पाट्यांवर चिनी अक्षरं हवीत; म्हणून कॉफीच्या आणि कपड्यांच्या साखळी-दुकानांनी आपली नावं चिनी लिपीत लावली आहेत. वाचणारी माणसं गेली, लिपी सजावटीला उरली. मराठी पाट्यांच्या आंदोलनात मन गुंतलेल्यांनी हे शहर एकदा बघून यावं. पाटी मराठी झाली आणि तिच्या मागच्या चाळीत मराठी माणूस उरला नाही, तर जिंकलं कोण?

यावर समोरून रास्त आक्षेप येईल. बाग बांधायला सरकार लागतं, जमीन लागते, परदेशी कारागीर लागतात. वस्तीच्या वर्गणीत सुझोऊचे सुतार येत नाहीत. शिवाय हस्तकला टिकते, चार लोक चिनी कविता वाचतात, हे काय वाईट? वाईट नाहीच. झुरिकने चीनमधल्या कुनमिंग शहराला पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या कामात मदत केली, त्याच्या कृतज्ञतेपोटी कुनमिंगने झुरिकला एक बाग भेट दिली. सरळ देवाणघेवाण, कुणाच्या घरावर कुणी चढलं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या मैत्रीखातर जपानी बाग झाली, पु. ल. देशपांड्यांचं नाव मिरवते, पुणेकर पाय मोकळे करून येतात. पुण्यात जपानी वस्ती होती आणि तिला उठवून हा देखावा केला, असं कुणी म्हणू शकणार नाही. आक्षेप बागेवर नाहीच. पिढ्यान् पिढ्या राबलेली माणसं जिथे शेजारीच राहतात, तिथे त्यांना वगळून दूरच्या राजधानीशी मैत्री जोडली जाते, तेव्हा माझा आक्षेप सुरू होतो. अशी मैत्री वाऱ्यावरची असते. वॉशिंग्टनच्याच राष्ट्रीय वृक्षोद्यानात मोठी चिनी बाग होणार होती, दोन्ही सरकारांनी ठरवलं होतं. मग संबंध बिघडले, बागेतला उंच पांढरा मनोरा हेरगिरीला वापरला जाईल अशी शंका अमेरिकी यंत्रणांना आल्याच्या बातम्या २०१८ साली आल्या, आणि बाग कागदावरच राहिली. सरकारांनी मागितलेलं सरकारं मोडतात.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनची बाग मला म्हणूनच जवळची वाटते. १८६५ साली तिथल्या व्यापारी मंडळाने ओटागोच्या सोन्याच्या खाणींत काम करायला चिनी मजुरांना आमंत्रण धाडलं. गोरे खाणवाले नव्या खाणींकडे निघून गेले होते, उरलासुरला गाळ चाळायला कुणीतरी हवं होतं. पंधरा-सोळा वर्षांत आमंत्रणाची पट्टी झाली: १८८१ साली माणशी १० पौंड, १८९६ पासून १०० पौंड. हा कायदा १९४४ पर्यंत पुस्तकात होता. पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ साली सरकारच्या वतीने स्पष्ट शब्दांत माफी मागितली. ड्युनेडिनची लान युआन बाग २००८ साली खुली झाली. बागेची कल्पना गावातल्या चिनी घराण्यांची होती, खाणवाल्यांच्या नातवंडा-पणतवंडांची. मंडप शांघायमध्ये उभे केले, सुटे केले, जहाजाने आणले आणि शांघायच्याच कारागिरांनी जोडले. म्हणजे इथेही चीन आहे, कारागीर आहेत, पर्यटक आहेत, तिकीटही आहे. पण माफी आधी झाली होती आणि मागणी घरातून आली होती.

एवढं सगळं परदेशांबद्दल लिहून झाल्यावर आपल्याकडे बघायला लागतं, आणि तिथे मला अवघडल्यासारखं होतं. आपण चायनीज किती खातो! कोल्हापूरपासून नंदुरबारपर्यंत लाल रंगाची गाडी, कढईखाली भडकलेला जाळ, ट्रिपल शेजवान, आणि कुरकुरीत नूडल्सची चायनीज भेळ. मंचुरियन हा पदार्थ मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी तो १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात जुळवला अशी कथा आहे, आणि पुढे त्यांनी केम्प्स कॉर्नरला हॉटेल काढलं त्याचं नावच ‘चायना गार्डन’. माझगावात कॅन्टनकडच्या खलाशांनी १९१९ साली बांधलेलं सी यिप कून देऊळ अजून उभं आहे. शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही ते विचारून शोधावं लागतं. कोलकात्याच्या टांग्रात चिनी चर्मकारांचे कारखाने होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे ते हलवायला सांगितलं, तेव्हा कितीतरी कारखान्यांची हॉटेलं झाली.

आणि १९६२. युद्ध झालं चीनशी. पकडली गेली आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडची चिनी वंशाची कुटुंबं, ज्यांच्या दोन-दोन पिढ्या इथे जन्मल्या होत्या. सुमारे तीन हजार माणसांना, पोराबाळांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या (आपल्या वर्ध्याची नव्हे) छावणीत आगगाडीने नेऊन कोंडलं. खटला नाही, आरोप नाही. काहींना चीनला धाडलं, जो देश त्यांनी पाहिलाही नव्हता. काही जण १९६७ पर्यंत आतच होते. सुटून गावी परतले तर घरं, दुकानं हातची गेलेली, काहींची लिलावात निघालेली. पुढे शत्रू देशाच्या नागरिकांची मालमत्ता सरकारी ताब्यात देणारा ‘शत्रू मालमत्ता’ नावाचा कायदा झाला. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मी वर अलंकारिक अर्थाने विचारत होतो. इथे त्याला शब्दशः उत्तर आहे. सरकारी अभिरक्षकाकडे.

कोलकात्याच्या चायनाटाउनचं रूप पालटायच्या, तिथे कमानी आणि खाऊगल्ल्या करायच्या योजना अधूनमधून निघतात. माझा त्यांना विरोध आहे, निदान आत्ता तरी. देवळीत कोण होतं याची यादी सरकारने उघडी करावी, जिवंत असलेल्यांना पत्र लिहावं, माफी मागावी. ज्या घरांचे मालक ठाऊक आहेत त्यांचा हिशेब करावा. मग तिथल्या जुन्या चिनी वस्तीतल्या, टिरेट्टा बाजारातल्या उरल्यासुरल्या कुटुंबांना विचारावं, तुम्हाला काय हवं? कदाचित ते कमान मागतील. कदाचित गटार दुरुस्त करून मागतील.

देवळीतून सुटलेल्यांपैकी आणि त्यांच्या मुलांपैकी बरेच जण कॅनडात गेले. तिथे त्यांनी संघटना केली आणि भारत सरकारने माफी मागावी अशी मागणी केली आहे. उत्तर आलेलं नाही. टोरंटोच्या आसपास, स्कारबरोत, मिसिसागात, ‘हक्का चायनीज’ नावाची हॉटेलं जागोजागी आहेत. कोलकात्याहून गेलेल्या हक्का, म्हणजे चिनी लोकांतल्याच एका समाजाच्या, कुटुंबांनी सुरू केलेली. त्यांत चिली चिकन मिळतं, मंचुरियन मिळतं, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे देसी मंडळींची, त्यात आपल्या मराठी मंडळींचीही, गर्दी असते, कारण घरची आठवण आली की चायनीज खावंसं वाटतं. मी गेलो होतो तेव्हा गल्ल्यावरच्या आजींनी आमची मराठी कुजबुज ऐकून हिंदीत विचारलं, ‘बंबई से?’ मी हो म्हटलं. मग मीही विचारलं, तुम्ही कुठल्या? त्या म्हणाल्या, ‘आसाम,’ आणि उरलेले सुटे पैसे मोजू लागल्या.